सोलेन्तिनामेचे शुभवर्तमान : ग्रंथ कोणाचा, बंदूक कोणाची?

धर्मगुरूच्या खांद्यावर बंदूक, हे चित्र आपल्याकडील डाव्या मित्रांना फार आवडते. अभ्यासवर्गात धर्माचा विषय निघाला, कोणी मार्क्सची अफूची गोळी पुढे केली, की दुसरा कोणीतरी कोलंबियाच्या फादर कामिलो तोरेस यांचे नाव घेतो. झगा उतरवून जंगलात गेलेला, क्रांतीसाठी पडलेला पाद्री! मग धर्मही शोषितांच्या बाजूने उभा राहू शकतो असे ठरते, चर्चा मिटते आणि चहा येतो. माझी तक्रार या मिटण्याविषयी आहे. ज्यांच्यासाठी तो पाद्री जंगलात गेला ती माणसे त्या वेळी काय म्हणत होती? त्यांना त्यांच्या धर्मग्रंथात काय दिसत होते? बंदूक उचलावी की नाही हे त्यांनी कोणत्या शब्दांत ठरविले? ही चौकशी कोणी करीत नाही.

तोरेस यांच्या बाबतीत ही चौकशी करणे अवघडच आहे. बोगोटाच्या प्रतिष्ठित घराण्यात १९२९ मध्ये जन्मलेला हा माणूस १९५४ मध्ये धर्मगुरू झाला, बेल्जियममधील लुव्हेन येथे समाजशास्त्र शिकला आणि परत येऊन ओर्लान्दो फाल्स बोर्दा यांच्यासोबत राष्ट्रीय विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभारण्याच्या कामात लागला. कोलंबियात तेव्हा उदारमतवादी आणि पुराणमतवादी या दोन पक्षांनी आपापसांत सत्ता वाटून घेतली होती. एकदा याचा राष्ट्राध्यक्ष, एकदा त्याचा, आणि सरकारी जागा निम्म्या निम्म्या. १९५८ ते १९७४ अशी सोळा वर्षे ही वाटणी चालली. मतपेटीतून गरिबाला काही मिळणार नाही अशी तोरेस यांची खात्री त्यातून झाली. शेजाऱ्यावर प्रेम करा ही येशूची आज्ञा; पण भीक घालून बहुसंख्यांची भूक भागत नाही. म्हणून प्रेम परिणामकारक व्हायचे तर मूठभरांच्या हातची सत्ता काढून घेतली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. १९६५ मध्ये त्यांनी धर्मगुरूच्या कर्तव्यांतून मुक्तता मागितली, संयुक्त आघाडी काढली, सभा गाजविल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी ते राष्ट्रीय मुक्ती सेनेत सामील झाले. १५ फेब्रुवारी १९६६ रोजी, आपल्या पहिल्याच चकमकीत, ते मारले गेले. वय ३७. लष्कराने त्यांचे प्रेत गुपचूप पुरून टाकले.

तोरेस यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांच्या लिखाणात जनता हा एकसंध शब्द आहे. ती जनता बोलत नाही. तिच्यासाठी बोलले जाते. ज्या खेड्यांतून ती सेना हिंडत होती तेथील शेतकऱ्याने या पाद्रीबाबाला पाहून काय म्हटले असेल, हे समजायला मार्ग नाही. उच्च घराण्यातला माणूस सगळे सोडून येतो तेव्हा त्याने काय काय सोडले याची यादी इतकी मोठी असते की ज्यांच्यापाशी सोडण्यासारखे काही नव्हते त्यांचे मरण त्या यादीखाली झाकले जाते. हे आपल्याला नवे नाही. सवर्ण क्रांतिकारकाचे आत्मचरित्र निघते, त्याच्या वाटाड्याचे नाव तळटीपेतही येत नाही.

म्हणून मला दुसऱ्या एका ग्रंथाविषयी लिहायचे आहे. त्यात माणसे बोलतात. निकाराग्वाचे कवी आणि धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांच्या नावावर असलेला ‘सोलेन्तिनामेचे शुभवर्तमान’ हा तो ग्रंथ. मूळ स्पॅनिश दोन भाग १९७५ आणि १९७७ चे. डोनाल्ड वॉल्श यांचे इंग्रजी भाषांतर १९७६ ते १९८२ या काळात चार भागांत निघाले. मी ते शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. आपल्याकडे मुक्तीच्या धर्मशास्त्राची चर्चा करणारे पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेझ यांच्या १९७१ च्या ग्रंथापासून सुरुवात करतात आणि बहुधा तेथेच थांबतात. गुतिएरेझ यांचे मोल कमी लेखायचे नाही. पण तो शास्त्र्याने शास्त्र्यांसाठी लिहिलेला ग्रंथ आहे. सोलेन्तिनामेच्या ग्रंथात कोळी आणि शेतकरी बोलतात, आणि त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नाही.

सोलेन्तिनामे हा निकाराग्वाच्या मोठ्या सरोवराच्या दक्षिण टोकाला असलेला बेटांचा पुंजका. लहानमोठी तीस-पस्तीस बेटे, माणसे हजारभर. मका, घेवडा आणि मासळी यांवर गुजराण. कार्देनाल १९६६ मध्ये येथे आले. तेही ग्रानादा शहरातल्या सुखवस्तू घराण्यातले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले, १९५४ च्या सोमोसाविरोधी फसलेल्या उठावात भाग घेतलेले, नंतर अमेरिकेतील केंटकी राज्यात मौनी साधूंच्या मठात राहून थॉमस मर्टन यांच्या हाताखाली साधना केलेले. बेटावर यायचे ते ध्यानासाठी, एकांतासाठी. गोरगरिबांत क्रांती करायला ते आलेच नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

रविवारी लोक होड्या वल्हवीत मिस्साला येत. प्रवचन देण्याऐवजी कार्देनाल यांनी त्या दिवसाचा शुभवर्तमानातला उतारा वाचून लोकांनाच बोलायला सांगण्याची पद्धत पाडली. ज्याला वाचता येते तो वाचतो आणि बाकीचे आपल्या अनुभवाने त्याचा अर्थ लावतात. ही बोलणी पुढे ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि त्यांतूनच हा ग्रंथ झाला. सुरुवातीलाच कार्देनाल बोलणाऱ्यांची ओळख करून देतात. वृद्ध तोमास पेन्या यांना अक्षरओळख नाही, पण बोलणे शहाणपणाचे. मार्सेलिनो गूढवृत्तीचे, त्यांच्या पत्नी रेबेका प्रेमावर भर देतात. ऑलिव्हिया धर्मशास्त्रात खोल जातात. तरुण लाउरेआनो प्रत्येक ओळीत क्रांती पाहतो, एल्विस उद्याच्या समतेच्या समाजाची स्वप्ने रंगवितो. पान्चो जुन्या वळणाचे, त्यांना हे सगळे फारसे पटत नाही. आणि पान्चोंचे न पटणेही ग्रंथात छापले आहे! चळवळीच्या किती मुखपत्रांत आपण असे छापतो?

एकच प्रसंग सांगतो. मरियेच्या स्तोत्राचा उतारा चालला आहे. सत्ताधाऱ्यांना आसनावरून खेचणारा, भुकेल्यांना तृप्त करून श्रीमंतांना रिकाम्या हाताने घालवून देणारा देव त्यात आहे. भारतातल्या चर्चमध्येही हे स्तोत्र गातात, पण ते ऐकून कोणत्याही जमीनदाराची झोप उडाल्याचे ऐकिवात नाही. सोलेन्तिनामेत कार्देनाल विचारतात की एक गरीब बाई असे गाते आहे हे हेरोद राजाला कळले असते तर तो काय म्हणाला असता? कोणी म्हणते, वेडी म्हणाला असता. कोणी म्हणते, कम्युनिस्ट. आणि लाउरेआनो सांगून टाकतो की नुसते म्हणण्याचा प्रश्नच नाही, ती होतीच. येथे हशा पिकला असावा. पण याच चर्चेत मरिया स्वतःला दासी का म्हणवते, या शब्दावर लोक बराच वेळ अडतात. दासी म्हणजे गुलाम. तिने स्वतःला गुलामांच्या रांगेत उभे केले, असा अर्थ निघतो. पदवीधर टीकाकाराला हा शब्द नम्रतेचा अलंकार वाटला असता. ज्यांच्या वाट्याला ती रांग आलेली आहे त्यांना तो अलंकार वाटत नाही. आपण दलित साहित्याच्या संदर्भात अनुभवाच्या प्रामाण्याविषयी जे म्हणत आलो त्याचा हा दूरदेशीचा पुरावा आहे.

याच बेटावरच्या शेतकऱ्यांनी चित्रे काढली. शुभवर्तमानातील प्रसंग त्यांनी आपल्याच गावात घडविले. बेथलेहेमच्या बाळांची कत्तल करणारे हेरोदाचे शिपाई त्यात सोमोसाच्या राष्ट्रीय गार्डच्या गणवेशात आहेत. ही तुलना साहित्यिकाला सुचलेली उपमा नव्हे. १९३० च्या दशकापासून तो देश सोमोसा घराण्याची खाजगी मालमत्ता झाला होता आणि अमेरिकन नौसैनिकांनी उभारून दिलेले ते गार्ड खरोखर दारात येत असे.

वाचन बंदुकीपर्यंत कसे पोहोचले? कॅथॉलिक धर्ममतात त्यासाठी एक जुनी फट होतीच. असह्य जुलमी राजाविरुद्ध उठाव केव्हा न्याय्य ठरतो याची चर्चा मध्ययुगापासून चालत आलेली. १९६७ च्या पोप सहावे पॉल यांच्या पत्रकात दीर्घकाळच्या उघड जुलमाचा अपवाद नोंदलेला. १९६८ मध्ये मेदेयीन येथे जमलेल्या लॅटिन अमेरिकेच्या बिशपांनी व्यवस्थेतच मुरलेल्या हिंसेचे नाव घेतलेले. जून १९७९ मध्ये तर निकाराग्वाच्या बिशपांनी सशस्त्र उठावाची नैतिक वैधता जाहीरपणे मान्य केली. पण बेटावरच्या तरुणांनी ही पत्रके वाचून निर्णय घेतला नाही. १३ ऑक्टोबर १९७७ रोजी त्यांनी सान्दिनिस्ता आघाडीच्या लोकांबरोबर सान कार्लोस येथील बराकीवर हल्ला केला. त्यात मुली होत्या. ऑलिव्हिया यांच्या घरची मुले-मुली होती. उतरवून घेतलेल्या बोलण्यांत ज्यांची नावे पानोपानी येतात तीच ही माणसे. एल्विस चावारिया आणि डोनाल्ड गेव्हारा हे दोघे गार्डच्या हाती सापडले आणि मारले गेले. तोमास पेन्या यांचा मुलगा फेलिपे पकडला गेला, पुढे सुटला आणि १९७९ च्या लढाईत पडला. गार्डने वस्तीची राखरांगोळी केली. कार्देनाल तेव्हा देशाबाहेर होते. ते कोस्टारिकात निर्वासित झाले.

हे ठाऊक झाल्यानंतर ग्रंथ पुन्हा वाचवत नाही. एल्विस उद्याच्या समाजाविषयी बोलू लागतो आणि वाचणाऱ्याला त्याचे पुढचे ठाऊक असते.

हल्ल्यानंतर कार्देनाल यांनी लिहिले की या मुलांना शस्त्राकडे नेले ते शुभवर्तमानानेच. देवाच्या राज्यावरील प्रेमापोटी त्यांनी हे केले. यावर अमेरिकेतील येशूसंघीय धर्मगुरू आणि कवी डॅनियल बेरिगन यांनी १९७८ मध्ये त्यांना उघड पत्र लिहिले. बेरिगन म्हणजे घरात बसून अहिंसा शिकविणारे गृहस्थ नव्हेत. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सैन्यभरतीची कागदपत्रे १९६८ मध्ये जाळून ते तुरुंगात गेले होते. त्यांचे म्हणणे असे की कोणतेही तत्त्व, कितीही पवित्र असो, एका माणसाच्या जिवाइतके मोठे नाही. आणि बंदुकीने आजवर दिलेली आश्वासने पाळलेली नाहीत. दोन कॅथॉलिक कवी, दोघेही पाद्री, आणि एकाच येशूच्या नावाने दोन टोके.

हा वाद मी अनेकदा वाचला, आणि दोघांपैकी कोणाच्याही बाजूने मला पूर्णपणे उभे राहता आले नाही. बेरिगन यांना तत्त्वाची किंमत जिवात मोजायची नाही. पण गार्ड दारात उभे असताना जीव तसाही मोजला जात होता, आणि किंमत ठरविणारा दुसराच होता. उलट कार्देनाल त्या मुलांचा निर्णय देवाच्या राज्यावरील प्रेमात विरघळवून टाकतात. त्या मुलांनी रागाने, कंटाळ्याने, भीतीने, भावाबहिणींच्या संगतीने काही ठरविले असेल की नाही? ग्रंथभर त्यांना स्वतःच्या तोंडाने बोलू देणारा माणूस शेवटच्या निर्णयाच्या क्षणी त्यांच्या वतीने बोलतो. आणि बेरिगनही एल्विसशी वाद घालीत नाहीत, कार्देनालशी घालतात. मेलेल्या शेतकऱ्यांविषयीची चर्चा दोन पाद्र्यांत झाली.

येथे ग्रंथाच्या मूळ दोषाकडे वळतो. मुखपृष्ठावर नाव एकाचे आहे. खरा कर्ता पवित्र आत्मा, असे कार्देनाल प्रस्तावनेत म्हणतात; आत्म्याचे नाव घेतले की मार्सेलिनो आणि ऑलिव्हिया यांच्या कर्तृत्वाचा प्रश्न निकालात निघतो. प्रश्न विचारणारे तेच, ध्वनिफितीतून निवड करणारे तेच. त्यांच्याबरोबर राहणारे शिकलेले सहकारीही चर्चेत बोलतात आणि त्यांचे वाक्य शेवटी आले की ते निष्कर्षासारखे वाटते. पुढच्या भागांत चर्चा कोठे जाऊन थांबणार याचा अंदाज आधीच येऊ लागतो. कवीच्या संपादनाचा हात हळूहळू जड होत गेला असावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रंथाचा शब्द चुकीचा असू शकतो, असे म्हणण्याची मुभा तेथे जवळजवळ कोणी घेत नाही. अर्थ बदलतो, अधिकार बदलत नाही. दुसरा गाल पुढे करण्याचे वचन आले की त्याचा क्रांतीशी जुळणारा अर्थ शोधावा लागतो. आपण वेगळ्या मार्गाने आलो आहोत. ‘जातिनिर्मूलन’मध्ये बाबासाहेबांनी सुधारकांना बजावले की शास्त्रांचा सोयीस्कर अर्थ लावून भागणार नाही, त्यांचे प्रामाण्यच नाकारले पाहिजे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. योगायोगाने तो नाताळचा दिवस होता. सोलेन्तिनामेच्या शेतकऱ्याला ग्रंथ जाळावा लागला नाही, कारण त्या ग्रंथात त्याच्या गुलामीचे विधान नव्हते. एक सुतार होता, कोळी होते, आणि राज्यसत्तेने मारलेला माणूस होता. ज्या ग्रंथात आपल्या बापाच्या कानात शिसे ओतायला सांगितले असेल त्याचे पुनर्वाचन कोणत्या तोंडाने करायचे? हा फरक न पाहता हिंदू धर्मातही असेच मुक्तीचे धर्मशास्त्र उभारता येईल असे म्हणणारे विद्वान आपल्याकडे आहेत. त्यांनी आधी महाड समजून घ्यावे.

पण आपण तरी स्वतःला सोडू नये. येशूसमोर सगळे समान म्हणणारे चर्च भारतात आले आणि जातीपुढे नमले. गोव्यात बामण, चार्डो, सुदिर हे भेद धर्मांतरानंतरही राहिले. तामिळनाडूत दफनभूमीत भिंती उभ्या राहिल्या. नगर जिल्ह्यातल्या महार-मांगांतून झालेल्या ख्रिस्ती माणसाला १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, त्याला आजही नाहीत. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी लिहिताना ही दुखरी जागा नेमकी दाखविली होती. १९८१ मध्ये बंगळूरला अरविंद निर्मळ यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मांडणी केली, तिच्यातून पुढे दलित धर्मशास्त्राचा प्रवाह निघाला. तो प्रॉटेस्टंट धर्मशाळेत जन्मला, आणि लॅटिन अमेरिकेची आयती वर्गभाषा येथे पुरत नाही हे त्याला सुरुवातीलाच दिसले होते.

वर्गभाषेच्या या अपुरेपणाचा पुरावा खुद्द निकाराग्वानेच दिला. १९ जुलै १९७९ रोजी क्रांती यशस्वी झाली. कार्देनाल सांस्कृतिक मंत्री झाले, त्यांचे बंधू फादर फेर्नान्दो यांनी १९८० ची साक्षरता मोहीम चालविली. हजारो तरुण पाच महिने खेड्यांत जाऊन राहिले. सरकारी आकड्यांप्रमाणे निरक्षरता सुमारे ५० टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या आसपास आली. माझ्या घरात अक्षर आले ते माझ्यापासून. त्यामुळे या मोहिमेविषयी वाचताना माझा टीकाकाराचा अलिप्तपणा टिकत नाही, हे कबूल करतो. पण ही मोहीम सुरू झाली ती केवळ स्पॅनिश भाषेत. अटलांटिक किनाऱ्यावरच्या मिस्कितो आदिवासींनी आपल्या भाषेचा आग्रह धरला तेव्हा नंतर त्यांच्या भाषांत वर्ग निघाले. आणि १९८१ च्या अखेरीपासून, अमेरिकेच्या पैशावर पोसलेल्या कॉन्ट्रांच्या युद्धाचे कारण देऊन, कोको नदीकाठच्या आठ हजारांहून अधिक मिस्कितोंना सैन्याने आत हलविले, त्यांची गावे जाळली, गुरे मारली. हजारो नदी ओलांडून होन्डुरासमध्ये पळाले. कॉन्ट्रा खरे होते, अमेरिकेचा हात खरा होता. पण मिस्कितोला क्रांतीच्या शब्दकोशात जागा नव्हती. तो बहुतांशी मोराव्हियन पंथाचा प्रॉटेस्टंट, त्याचा इतिहास वेगळा, भाषा वेगळी. शेतकरी-कामगार या चौकटीत तो बसेना म्हणून मागासलेला आणि शत्रूच्या भूलथापांना बळी पडणारा ठरला. हे वाक्य आपण जातीच्या संदर्भात किती वेळा ऐकले आहे! १९८७ मध्ये स्वायत्ततेचा कायदा आला. म्हणजे चूक मान्य झाली. मिस्कितोंच्या चर्चमध्ये ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन कोणी गेला असता तर तेथे कोणते शुभवर्तमान उतरले असते, हा प्रश्न सांस्कृतिक मंत्र्यांना पडायला हवा होता.

पुढची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. मार्च १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर गुडघे टेकलेल्या कार्देनाल यांच्यापुढे पोप दुसरे जॉन पॉल यांनी बोट नाचविले. धर्मगुरूपदाची त्यांची कर्तव्ये काढून घेण्यात आली. ती पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये परत दिली, तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. १९९४ मध्येच त्यांनी पक्ष सोडला होता. ज्या दानिएल ओर्तेगाच्या क्रांतीसाठी एल्विस मेला त्याच ओर्तेगाच्या राजवटीने २०१८ मध्ये रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या, तीनशेहून अधिक माणसे मेली. मार्च २०२० मध्ये कार्देनाल यांच्या अंत्यविधीच्या वेळी राजवटीच्या समर्थकांनी मानाग्वाच्या कॅथेड्रलमध्ये घुसून गोंधळ घातला. २०२३ मध्ये बिशप रोलान्दो आल्वारेस यांना २६ वर्षांची शिक्षा झाली, येशूसंघीयांचे विद्यापीठ जप्त झाले. तिकडे कोलंबियात तोरेस यांच्या सेनेचे नेतृत्व पुढे मान्वेल पेरेस या दुसऱ्या एका पाद्र्याकडे आले. त्यांच्याच काळात, ऑक्टोबर १९८९ मध्ये, त्या सेनेने आराउकाचे बिशप हेसूस हारामियो यांना ठार केले. एका माजी धर्मगुरूची सेना दुसऱ्या धर्मगुरूला मारते, तेव्हा परिणामकारक प्रेमाचा हिशेब कोणी मांडायचा?

येथे आपल्या वाचकाला काठमांडू आठवेल. २० नोव्हेंबर १९५६ रोजी, महापरिनिर्वाणाच्या सोळा दिवस आधी, बाबासाहेबांनी तेथे बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली: साध्य जवळजवळ एकच, साधने वेगळी. आपल्यातील काही जण हे भाषण हिंसेच्या चर्चेवर झाकण म्हणून वापरतात. तसे ते नाही. याच विषयावरच्या त्यांच्या निबंधात बुद्धाला न्यायासाठी बळाचा वापर वर्ज्य नव्हता असे त्यांनी मांडले आहे, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. म्हणजे प्रश्न उघडा आहे. तो उघडा ठेवण्याची जबाबदारी आपली आहे, कारण येथील जंगलात दोन्ही बाजूंनी पडणाऱ्यांत आदिवासी आणि दलित किती आणि आदेश देणाऱ्यांत किती, हे वेगळे सांगायला नको. आणि जो पाद्री कधी बंदुकीच्या वाटेला गेला नाही त्याच्यावरही येथे तोच शिक्का बसतो. झारखंडच्या आदिवासींत काम करणारे येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांना माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली ऑक्टोबर २०२० मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, अटक झाली. तो आरोप त्यांनी सतत नाकारला. खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, ते कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात वारले.

सोलेन्तिनामेचा ग्रंथ मला हवा आहे तो त्यातल्या बंदुकीसाठी नाही. त्यातली बैठक मला हवी आहे. तीही आपल्याकडे नाही असे नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपल्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन चालते. वाचणारा बहुधा शिकलेला, ऐकणाऱ्या बहुधा बाया. ग्रंथाला हार घालतात, मेणबत्ती लावतात, पान वाचून झाले की साधुकार देतात. प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतःच चार प्रश्न उभे केले आणि वाचकांनी त्यांवर आपले म्हणणे मांडावे अशी अपेक्षा धरली, हे आपण विसरलो. एकदा तेथे रोहिणी नदीचा भाग चालला होता. शाक्य आणि कोलीय यांचा पाण्यावरून तंटा; दोघांनी दोन दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि तंटा मिटवावा, असा ठराव सिद्धार्थ संघात मांडतो; सेनापती विरोध करतो, ठराव बहुमताने पडतो, युद्ध ठरते आणि सिद्धार्थ परिव्रज्या पत्करतो. पुढच्या आठवड्यात, तो घर सोडून गेल्यानंतर दोन्ही बाजू लवादाला कबूल झाल्याचे वाचून झाले, तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी बोलली, “आता कबूल झाले तेच तो सभेत सांगत व्हता ना? तवा हात वर का केले न्हाईत? मंग त्याला घर कामून सोडाय लावलं?” वाचणारा गुरुजी म्हणाला, आजी, पुढचं ऐका. तिच्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला आणि ती हसली. मी ते वाक्य माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. त्याखाली तिचे नाव लिहिले.